लिटर तेवढेच, घरं कमी

आमच्या दूध संकलन केंद्रावर आज दोन्ही वेळचं मिळून जेवढं दूध येतं, साधारण तेवढंच दहा-बारा वर्षांपूर्वीही येत होतं. पण तेव्हा खातेवहीत शंभराच्या वर खाती होती आणि आता चाळीसही नाहीत. दूध कुठं गेलं नाही, घरं गेली. हे लिहून ठेवावंसं वाटतंय, कारण बाहेरच्या कुठल्या आकड्यात ते सापडत नाही. देशाचं दूध २०२३-२४ मध्ये २३.९ कोटी टनांवर गेलं, महाराष्ट्र देशात पाचवा, भारत १९९८ पासून जगात पहिला. सगळा हिशोब टनांचा. दोन गाईंचा गोठा मोडला आणि शेजारच्या मोठ्या गोठ्यात दोन गाई वाढल्या, तर या हिशोबात काहीच घडलेलं नसतं.

आमचं गाव संगमनेर तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातलं. प्रवरेचं पाणी खालच्या गावांना. आमच्याकडं विहिरी, आणि उन्हाळ्यात टँकर. निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याला २०२३ मध्ये पाणी सुटलं, तेव्हापासून कुठं कुठं हिरवं दिसायला लागलंय. त्याआधी मात्र या भागातली घरं दुधावर उभी राहिली. बाजरी आणि ज्वारी खाण्यापुरती, कांदा नशिबावर, आणि नगद पैसा म्हणजे दूध.

केंद्र सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी चालवते. मी लग्न होऊन आले तेव्हा फॅट ब्युटिरोमीटरनं काढत. काचेच्या नळीत आधी सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर हळूच दूध, मग थोडं अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की नळी हाताला चटका बसेल इतकी तापायची. मग ती यंत्रात घालून हातानं गरागरा फिरवायची आणि उजेडाकडं धरून पिवळा थर कुठवर आलाय ते वाचायचं. सासऱ्यांच्या प्रत्येक सदऱ्याला ॲसिडची बारीक भोकं होती. आता मशीन आहे, मिनिटभरात फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), डिग्री (दुधाचा दाटपणा), पाणी सगळं पडद्यावर येतं आणि पावती निघते.

त्या पावतीबद्दल थोडं सांगते, कारण शहरातल्या माणसाला दुधाचा दर म्हणजे एक आकडा वाटतो. पेपरात येतो तो दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या दुधाचा. त्याच्या खाली एकेक पॉइंट घसरला की दर कापला जातो. आणि एसएनएफ घसरतो कधी? बहुतेक वेळा गाईच्या पोटात पुरेसं आणि समतोल पडत नाही तेव्हा. एप्रिल-मेमध्ये ज्याच्याकडं ओला चारा संपला, पेंड परवडत नाही, त्याच्या गाईचं दूध ८.५ ऐवजी ८.२ किंवा ८.१ लागतं. म्हणजे ज्याला वैरण विकत घ्यायला पैसे हवेत, नेमका त्यालाच दर कमी पडतो. ज्याच्याकडं मुरघासाचे, म्हणजे हवाबंद आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याचे, खड्डे भरलेले आहेत त्याला भर उन्हाळ्यात पूर्ण दर. लबाडी न करता, पाण्याचा थेंब न घालता आणलेल्या दुधाची कपात होते आणि पावती फाडून द्यायची वेळ माझ्यावर येते. "ताई, परत लाव ना एकदा," म्हणतात. मी परत लावते. आकडा तोच येतो.

जुनी माणसं सांगतात की बहात्तरच्या दुष्काळाआधी आमच्याकडं दुधाचा धंदा असा नव्हताच. घरोघरी गावरान गाय, तिचा बैल शेतीला आणि दूध पोराबाळांना. दूध विकायचं ही गोष्ट नंतरची. १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बायफ ही संस्था सुरू केली, दारात येऊन कृत्रिम रेतन करून देणारी माणसं गावोगाव फिरायला लागली आणि गावरान गाईच्या पोटी जर्सी, होलस्टीनची वासरं आली. १९७० पासून दूध महापूर योजना. गाव तिथं सोसायटी, सोसायटी तिथं कॅन. या दोन्ही गोष्टी एकाच काळात घडल्या म्हणून आमच्यासारख्या कोरड्या गावात दूध पिकलं. आमच्याकडं अजूनही कुठल्याही संकरित गाईला सरसकट जर्सीच म्हणतात, मग ती काळी-पांढरी होलस्टीन का असेना.

माझ्या सासूबाईंची पहिली जर्सी सोसायटीच्या कर्जावर आली होती. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार व्हायचा. आम्ही पगारच म्हणतो, बिल नाही. ऊसवाल्याला वर्षातून एकदा पैसे, कांदावाल्याला भाव असला तर पैसे, आणि दूधवाल्याला महिन्यातून तीनदा. किराणा, दवाखाना, एसटीचा पास, फी, सगळं त्या पगारावर. दिवाळीला रिबेट, म्हणजे बोनससारखे जास्तीचे पैसे. पगार घ्यायला बाई स्वतः यायची, सही नाहीतर अंगठा करायची आणि पैसे कनवटीला लावून जायची. शेतीचा पैसा आला कधी आणि गेला कधी हे ज्या घरात बाईला कधी कळलं नाही, त्या घरातही दुधाचे पैसे तिच्या हातात असायचे. आता पैसे खात्यावर जातात. ते कुणाच्या नावाच्या खात्यावर, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

आता एका गाईचा हिशोब मांडते, आमच्याकडच्या भावानं. दुसऱ्या वेताची गाय, रोजचं सरासरी १४ लिटर दूध. पशुखाद्याची कांडी आणि भरडा मिळून ७ किलो, ३३ रुपयांनं २३१. मुरघास २० किलो, ६ रुपयांनं १२०. कडबा ५ किलो, ८ रुपयांनं ४०. क्षार मिश्रण, डॉक्टर, रेतन, गोचिडाचं औषध यांची रोजची सरासरी २० रुपये धरली तर झाले ४११. दूध ३० रुपयांनं गेलं तर आले ४२०. राहिले ९ रुपये. त्यात पहाटे साडेचारला उठून शेण काढणारी, धार काढणारी, वैरण आणणारी, कुट्टी करणारी आणि संध्याकाळी तेच सगळं परत करणारी माणसं आली. दर २६ झाला तर रोज ४७ रुपये खिशातून. ३५ मिळाला तर ७९ रुपये हातात. आणि गाय बारा महिने दूध देत नाही. विण्याआधी दोन महिने ती आटवावी लागते, त्या काळात खाणं चालूच. वर्षाची बेरीज केली की ३० रुपये दराला मागं उरतं ते शेणखत आणि एक वासरू.

मग इतकी वर्षं हे चाललं कसं? घरचा चारा विकत घ्यावा लागत नव्हता म्हणून. बांधावरचं गवत, ज्वारीचा कडबा, बाजरीचं सरमाड, लसूणघासाचे दोन वाफे, खुरपणीत निघालेलं तण. या सगळ्याला किंमत लावायची वेळच येत नसे. आणि घरातल्या माणसांच्या हातांना तर कुणीच किंमत लावली नव्हती. ज्वारी कमी होत गेली, तिच्या जागी कांदा, सोयाबीन, डाळिंब आलं. डाळिंबाचा काय कडबा होणार? गहू हार्वेस्टरनं काढायला लागले, भुसा रानातच राहतो. वाटण्या होऊन बांध बारीक झाले. गाय होती तिथंच राहिली आणि तिच्या ताटातलं सगळं दुकानातून यायला लागलं. छोट्या गोठ्याचा पाया इथं खचला, असं मला वाटतं. दराच्या बातम्या येतात म्हणून दर दिसतो. कडब्याची बातमी होत नाही.

दरानं मारलं नाही असं मात्र नाही. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेलं, चहाच्या टपऱ्या, मिठाईची दुकानं बंद झाली आणि लिटरमागं तीस रुपयांच्या वर असलेला दर विशीच्या खाली आला. सरकारनं रोज १० लाख लिटर दूध २५ रुपयांनं घेऊन भुकटी करायचं ठरवलं, पण ते सगळ्यांपर्यंत पुरणारं नव्हतं. त्यातून सावरतोय तोवर २०२२ च्या पावसाळ्यात लम्पी आला. अंगभर गाठी, ताप, पायांना सूज, दूध एका आठवड्यात निम्म्याच्या खाली. जनावरांचे बाजार बंद. मेलेल्या दुभत्या गाईला सरकारनं ३० हजार रुपये दिले, आणि दिले हे चांगलंच केलं. पण तशी गाय आणायची तर ऐंशी-नव्वद हजार लागत होते. ज्याच्या दहा गाई होत्या त्यानं एक गेल्याचं दुःख केलं आणि पुढं चालला. ज्याची एकच दुभती होती त्याचा धंदा त्या दिवशी संपला. माझ्या वहीतली सात-आठ खाती त्या एका पावसाळ्यात बंद झाली.

आणि मग २०२३. मार्चमध्ये ३८ रुपयांपर्यंत दर होता. लोकांनी कर्ज काढून गाई आणल्या. जुलैत सरकारनं किमान ३४ रुपये ठरवून दिले, तरी नोव्हेंबरपर्यंत आमच्याकडं २६-२७ वर आला. कारण सांगितलं जातं ते असं की भुकटी आणि लोण्याचे भाव पडले. खरंच पडले होते. महाराष्ट्रातलं बरंचसं गाईचं दूध पिशवीत न जाता भुकटीत जातं, आणि भुकटीचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. पण त्याच काळात पुण्या-मुंबईत गाईच्या दुधाची पिशवी पन्नाशीच्या वरच राहिली. भुकटीचं नुकसान आमच्या दरातून कापलं गेलं आणि पिशवीचा फायदा आमच्यापर्यंत आला नाही. यात मी कुठल्या एका डेअरीला बोल लावत नाही. रचनाच तशी झाली आहे. उसाला एफआरपी, म्हणजे कायद्यानं ठरलेला किमान दर आहे, कारखान्यानं त्याखाली दिलं तर शेतकरी कायद्यानं भांडू शकतो. दुधाला हमीभावाचं असं काहीच नाही.

जानेवारी २०२४ पासून सरकारनं लिटरला ५ रुपये अनुदान दिलं. जुलैपासून ते पुन्हा सुरू झालं, ऑक्टोबरपासून ७ रुपये झालं, नंतर थांबलं. ज्यांना मिळालं त्यांना त्यानं तारलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्यासाठी गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, मालकाचं आधार आणि बँक खातं हे तिन्ही जुळायला हवं होतं. माहिती भरायचं काम केंद्रावर. मी मोबाइलची बॅटरी लावून गोठ्यागोठ्यात फिरले. बिल्ला शेणानं माखलेला, गाय मान झटकते, ३ आहे की ८ कळत नाही. तेही जमलं. जमलं नाही ते पुढचं: गाय सासऱ्याच्या नावावर नोंदलेली, दूध सुनेच्या खात्यावर, बँकेतलं नाव माहेरचं. अशा घरांच्या नोंदी परत आल्या. मोठ्या गोठेवाल्यांचे कागद तयार असतात, त्यांना कर्जासाठी ते लागलेलेच असतात. परत आलेली नावं जवळपास सगळी एक-दोन गाईवाल्या बायांची होती.

एवढं होऊनही गोठा दर पडला त्या दिवशी मोडत नाही. लोक पडलेल्या दरातही दिवस काढतात, आज ना उद्या वाढेल म्हणून. गोठा मोडतो तो गाय उलटायला लागली, म्हणजे भरवूनही गाभण राहीना, की.

आमच्या वस्तीवरच्या एक नानी. नाना गेल्यावरही त्यांनी दोन गाई ठेवल्या होत्या. थोरली तिसऱ्या वेताला व्याली तेव्हा वार, म्हणजे वासरामागून पडणारी झिल्ली, अडकली. रात्रीची वेळ; सरकारी दवाखाना दुसऱ्या गावात. खासगी डॉक्टर सकाळी आले, वार काढली, गोळ्या ठेवल्या. गाय वाचली, पण गर्भाशयात दोष राहिला. दोन महिन्यांनी माजावर आली, भरवली. एकविसाव्या दिवशी पुन्हा माज. परत भरवली, परत उलटली. दर खेपेला रेतनाचे पैसे, दर दोन खेपांनी डॉक्टरांचे पैसे, इंजेक्शनं, गर्भपिशवी धुणं. सोळा लिटरची गाय दहावर आली, मग सहावर. गाभण नाही म्हणून पुढचं वेत नाही. वर्ष उलटलं तशी ती आटली. खाणं मात्र तेवढंच, कारण उपाशी ठेवली तर माजावरच येणार नाही. त्या काळात दुसऱ्या गाईचं दूध थोरलीच्या पेंडीला जात होतं. नानी रोज सकाळी किटली घेऊन यायच्या, माप झालं की पावती न वाचताच पदरात खोचायच्या.

विकावी तर कुणाला? गाभण गाईला गिऱ्हाईक आहे, पहिलारूला आहे, दुधाच्या गाईला आहे. भाकड, न राहणाऱ्या गाईला लोणीच्या किंवा काष्टीच्या बाजारात नेलं तरी हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, दावं हातात घेत नाही. गाडीभाडं वेगळं, आणि रस्त्यात कुणी अडवेल या भीतीनं गाडीवालेही तयार होत नाहीत. गाईच्या कत्तलीला राज्यात १९७६ च्या कायद्यापासून बंदी होतीच, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. २०२५ मध्ये मांसाच्या धंद्यातल्या कुरेशी व्यापाऱ्यांनी राज्यभर खरेदी थांबवली तेव्हा तर बाजारात जनावर नेऊन परत आणायची पाळी लोकांवर आली.

मी हे जपून लिहिते आहे. आमच्या घरात बैलपोळ्याला पुरणाचा पहिला घास जनावरांना जातो आणि गाय मेली तर त्या दिवशी चूल पेटत नाही. नानींनाही थोरली कापायला जावी असं स्वप्नातसुद्धा वाटलं नसतं. पण गाय जपायचा कायदा सगळ्या समाजानं केला आणि भाकड गाईचं रोजचं दीडशे-दोनशे रुपयांचं खाणं मात्र एकट्या नानींच्या माथी आलं. समाजाला गाय जगवायची असेल तर तिच्या वैरणीत समाजाचा वाटा हवा. गोशाळा आहेत, पण आमच्या जवळच्या गोशाळेनं जागा नाही म्हणून सांगितलं. गोऱ्ह्यांचं, म्हणजे नर वासरांचं, तर याहून वाईट. जर्सी गोऱ्हा औताला कुणी घेत नाही, ट्रॅक्टरनं बैलांचंच काम काढून घेतलंय. वासरू गोऱ्हा निघालं की गोठ्यात कुणी बोलत नाही. चार दिवस चीक पाजतात आणि मग तो कुठंतरी जातो. कुठं, ते कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. रात्री डांबरी रस्त्यावर बसलेली जनावरं दिसतात, ती बरीचशी याच हिशोबातली.

नानींनी शेवटी दोन्ही गाई एकाच व्यवहारात दिल्या. दुसरी चांगली गाभण होती. तिच्यासोबत थोरली घेशील तर देते, म्हणाल्या. म्हणजे चांगलीची किंमत पाडून भाकडीचा निकाल लावला. त्या दिवशी केंद्रावर येऊन खात्याचं कार्ड परत देताना म्हणाल्या, "तुझी उचल फिटली ना गं सगळी?" फिटली होती. नानींच्या शेतात आता शेणखत पडत नाही. रासायनिक खताची गोणी वाढली आहे आणि दूध त्या पावशेर विकत घेतात, आमच्याच केंद्रावरून.

अशी गोष्ट एकदा पाहिली की दुसऱ्या घरातल्या पोरांचं मन उडतं. त्यांना दोष देणं मला जमत नाही. दोन गाईंच्या घरात कुणी लग्नाला मुक्कामी जात नाही, माहेरपण एका धारेपुरतं असतं. सासूबाईंची बोटं वाकडी झाली ती धारा काढूनच. गाईच्या लाथेनं मोडलेला हात, पावसाळ्यात शेणात भिजून कुजलेल्या पायाच्या बेचक्या, बाळंतपणानंतर सव्वा महिना व्हायच्या आत डोक्यावर घासाचा भारा, हे सगळं त्या स्वस्त दुधात मिसळलेलं होतं. आज मुलगी बघायला जातात तर मुलीकडचे विचारतात, घरी गाई किती? आणि गाई आहेत म्हटल्यावर स्थळ मोडलेलं मी पाहिलंय. मुलीच्या आईनं आयुष्य गोठ्यात काढलेलं असतं, तिला सगळं ठाऊक असतं. छोटा गोठा टिकावा असं मला मनापासून वाटतं, पण तो कुणा सुनेच्या फुकट राबण्यावर टिकणार असेल तर मोडलेला बरा.

माझ्या चुलत दिराच्या मुलानं चाळीस गाईंचा मुक्त गोठा केलाय. पोरगा कष्टाळू आहे, शिकलेला आहे. दूध काढायचं यंत्र आहे, गाई मोकळ्या हिंडतात, पाणी पुढ्यात, दगडी हा कासेचा आजार कमी होतो. पेंड गाडीनं घेतो म्हणून गोणीमागं दर कमी पडतो. टँकर थेट त्याच्या दारात येतो, दर लिटरला एक-दोन रुपये जास्त मिळतो. त्याचा गोठा बघून गाईंचं बरं चाललंय असं मलाही वाटतं. पण पंजाबातून आणलेल्या एकेका गाईला लाखाच्या वर मोजलेत आणि ते बँकेचे आहेत. २०२३ च्या शेवटी दर पडला तेव्हा रात्री झोप नाही म्हणून तो पोरगा आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. नानी दोन गाई विकून मोकळ्या झाल्या. त्याला चाळीस गाई एकदम विकता येत नाहीत. उद्या त्याच्यासारख्या पाच जणांच्या हातात गावाचं दूध आलं आणि त्यातला एक बसला, तर केंद्राचं पाचवा हिस्सा दूध एका सकाळी जाईल. शंभर घरांचं दूध असं एकदम जात नव्हतं. दुष्काळातही नाही. २०१८-१९ ला चारा छावणीत गाई होत्या तेव्हासुद्धा छावणीतून किटल्या येत होत्या.

उपाय काय म्हणून मला विचारतात, तेव्हा मी मोठ्या गोष्टी आधी सांगते. दुधाला उसासारखा कायद्याचा आधार हवा. कपातीचे पॉइंट सगळीकडं एकसारखे आणि छापील असावेत. अनुदान बाईच्या नावावरच्या गाईला बाईच्याच खात्यात यावं आणि नाव जुळत नसेल तर अर्ज परत न पाठवता जुळवून द्यायला माणूस यावा. रात्रीचा डॉक्टर हवा. आणि लिंग निर्धारित रेतमात्रा छोट्या गोठ्यापर्यंत नेमानं यायला हवी. तिच्यानं दहात नऊ वेळा कालवडच होते, म्हणजे गोऱ्ह्याचा प्रश्न जन्माआधीच बराचसा सुटतो. मोठे गोठेवाले ती वापरतातच. एक गाय असलेल्या घराला तिचं नावही ठाऊक नसतं, कारण रेतन करायला येणारा जे आणतो तेच भरलं जातं.

हे सगळं माझ्या हातात नाही. हातात होतं तेवढं गेल्या हंगामात करून पाहिलं. केंद्राच्या मागं राहणाऱ्या पाच बाया, सगळ्या दोन-तीन गाईवाल्या. प्रत्येकीला मुरघास विकत घ्यायचा म्हटलं की गोणीनं घ्यावा लागतो आणि महाग पडतो. पाचजणींनी मिळून एकीच्या विहिरीवरच्या एकरात मका केला. दाणा चिकात असताना कापला, भाड्यानं कुट्टी मशीन आणलं, जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत पायांनी तुडवून तुडवून भरला, हवा राहू दिली नाही. पंचेचाळीस दिवसांनी पहिली पिशवी फोडली तेव्हा आंबूस गोड वास आला, रंग पिवळसर हिरवा, बुरशी नाही. खर्च जाऊन किलो साडेतीन-चार रुपयांत पडला. वर मांडलेल्या हिशोबात मुरघासाच्या १२० रुपयांच्या जागी ७०-८० घाला, म्हणजे काय फरक पडतो ते कळेल. मे महिन्यात त्यांच्यातल्या तिघींचा एसएनएफ ८.५ लागला, आणि पावती पुन्हा लावायला कुणी सांगितलं नाही.

येत्या मक्याला आणखी तीन घरं त्यांच्यात यायची म्हणतात. मशीन भाड्यानं न आणता सगळ्यांनी मिळून घ्यायचं चाललंय. पैशाचं ठरलं, पगारातून दर दहा दिवसांनी कापायचं. मी तसं वहीत पानही पाडलंय. मशीन कुणाच्या दारात ठेवायचं एवढ्यावरच सध्या अडलं आहे, कारण तीन फेजची लाइन दोघींच्याच वस्तीवर आहे आणि त्या दोघी जावा एकमेकींशी बोलत नाहीत.